गाडीचं वायरिंग उघडण्याआधी बॅटरी सुरक्षितपणे कशी काढायची? सावलीपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांच्या कामाची माहिती

हॉर्न वाजत नाही, फॉग लॅम्प बसवायचाय, म्युझिक सिस्टीम बदलायची आहे किंवा उंदराने वायर कुरतडली आहे. अशी छोटी कामं आजकाल बरेच जण मोबाईलवर व्हिडिओ बघून घरीच करतात. सावली, व्याहाड, पाथरी किंवा सिंदेवाहीच्या भागात राहणाऱ्यांना तर ते करावंच लागतं. बहुतेक कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर चंद्रपूर नाहीतर थेट नागपूरला असतं आणि दोनशे रुपयांच्या कामासाठी अर्धा दिवस घालवणं परवडत नाही.

पण त्या व्हिडिओंमध्ये बॅटरी काढण्याचा भाग पाच सेकंदात उरकलेला असतो. चुका नेमक्या तिथेच होतात. पाना चिकटून हात भाजतो, फ्यूज उडतात, कधी हजारो रुपयांचा ईसीएम जातो. म्हणून आज आपण फक्त याच एका कामाबद्दल सविस्तर बघणार आहोत: बॅटरी कधी काढायची, कशी काढायची, कशी परत जोडायची आणि कोणत्या गाडीला हातच लावायचा नाही.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा.

१. इंजिन बंद, चावी बाहेर, सगळे दिवे बंद.
२. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.
३. आधी मायनस (काळी केबल) काढा. मग गरज असेल तरच प्लस (लाल केबल).
४. काढलेली मायनस केबल कापडात गुंडाळून बॅटरीपासून लांब ठेवा.
५. एअरबॅगची गाडी असेल तर काम सुरू करण्याआधी किमान १० मिनिटं थांबा.
६. परत जोडताना उलट क्रम: आधी प्लस, शेवटी मायनस.

हे असंच का करायचं, ते आता समजून घेऊ. कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

कोणत्या कामाला बॅटरी काढावी लागते?

प्रत्येक कामाला बॅटरी काढायची गरज नसते.

बॅटरी न काढता चालणारी कामं: फ्यूज बदलणं, साधा हेडलाइट किंवा इंडिकेटरचा बल्ब बदलणं, वायपरचं रबर बदलणं. यासाठी चावी बंद आणि तो स्विच बंद असला तरी पुरतं.

बॅटरी काढूनच करायची कामं: वायर कापणं किंवा जोडणं, स्टीरिओ बदलणं, हॉर्न किंवा फॉग लॅम्पसाठी नवीन रिले बसवणं, स्टार्टर मोटर किंवा अल्टरनेटर काढणं, डॅशबोर्ड उघडणं, गाडीवर वेल्डिंग करणं, कुरतडलेलं वायरिंग दुरुस्त करणं.

यातला स्टार्टर आणि अल्टरनेटरचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. या दोघांची जाड लाल वायर बॅटरीवरून येते. स्टार्टरच्या वायरला बहुतेक गाड्यांत मध्ये फ्यूजही नसतो. चावी खिशात असली तरी या वायरीत करंट असतोच. त्यामुळे "चावी काढली म्हणजे करंट बंद" हा समज इथे कामाचा नाही.

१२ व्होल्टला कशाला घाबरायचं?

हा प्रश्न बरोबर आहे. १२ व्होल्टने कोरड्या हाताला शॉक बसत नाही. दोन्ही टर्मिनलना बोट लावलं तरी काही जाणवणार नाही. धोका शॉकचा नाहीच, तो तीन वेगळ्या गोष्टींचा आहे.

पहिली गोष्ट, करंट. तुमचा मोबाईल चार्जर साधारण २ ते ३ ॲम्पिअर देतो. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवताना शंभर-दोनशे ॲम्पिअर सहज देते. आणि तिच्या दोन टर्मिनलमध्ये लोखंडी पाना आडवा पडला, म्हणजे शॉर्ट झाला, तर शेकडो ॲम्पिअर एकदम वाहतात. पाना काही सेकंदात लालभडक होतो, कधी टर्मिनलला वेल्डसारखा चिकटतो. बोटातली अंगठी किंवा हातातलं कडं या वाटेत आलं तर ते हातावरच तापतं आणि काढताही येत नाही. म्हणून दागिने काढण्याचा नियम गमतीत घेऊ नका.

दुसरी गोष्ट, गॅस. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगीही तो पेटवायला पुरते. तेव्हा बॅटरीचा डबाच फुटतो आणि आतलं ॲसिड अंगावर येतं. त्यामुळे लांबचा प्रवास करून आल्या आल्या किंवा बॅटरी चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या लगेच टर्मिनल खोलू नका.

तिसरी गोष्ट, ॲसिड. आत पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं. कपड्याला भोक पडतं, कातडी जळते, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

आधी मायनस का?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला दोन वायरी टाकलेल्या नसतात. प्लसची वायर टाकतात आणि परतीच्या वाटेसाठी गाडीचा पत्राच वापरतात. बॅटरीची मायनस केबल बॉडीला आणि इंजिनला घट्ट जोडलेली असते. गॅरेजमध्ये यालाच "बॉडी अर्थ" म्हणतात. याचा अर्थ गाडीचा अख्खा पत्रा, इंजिन, बोनटची कडा, नट-बोल्ट, हे सगळं म्हणजे बॅटरीचं मायनस टोक.

समजा तुम्ही आधी प्लसचा नट खोलायला घेतला. पाना प्लसला लागलेला आहे आणि फिरवताना त्याचं दुसरं टोक बॉडीच्या पत्र्याला टेकलं. पत्रा म्हणजे मायनस. झाला शॉर्ट! ठिणग्या, तापलेला पाना, आणि जवळ गॅस साचला असेल तर स्फोट.

आता आधी मायनस खोला. पाना मायनसला आहे आणि पत्र्याला टेकला, तर मायनस मायनसला टेकलं. काहीच होत नाही. एकदा मायनस सुटली की बॉडीचा बॅटरीशी संबंध तुटतो. त्यानंतर प्लस खोलताना पाना पत्र्याला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. फक्त पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना टेकणार नाही एवढं बघायचं.

परत जोडताना हाच तर्क उलटा लावा. आधी प्लस जोडा, कारण तेव्हा बॉडी अजून सुटी आहे. मायनस शेवटी.

आज रस्त्यावर धावणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्या मायनस-अर्थच असतात. काही फार जुन्या विंटेज गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेलं असायचं. म्हणून खरा नियम असा आहे: बॉडीला जी केबल जोडलेली आहे ती आधी काढायची आणि शेवटी जोडायची.

या गाड्यांना घरी हात लावू नका

इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड गाड्या: यात १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीखेरीज शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी असते. तिच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी केबल दिसली की हात मागे. छोटी बॅटरी काढली म्हणजे मोठ्या बॅटरीचा धोका संपला असं अजिबात नाही. हे काम प्रशिक्षित माणसाचं.

दोन बॅटरीच्या गाड्या: काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत, उदाहरणार्थ मारुतीच्या काही स्मार्ट हायब्रिड मॉडेलमध्ये, नेहमीच्या बॅटरीबरोबर एक लिथियम-आयन बॅटरीही असते. अशा गाडीत एकच केबल काढून भागेलच असं नाही. मॅन्युअल वाचल्याशिवाय सुरुवात करू नका.

एअरबॅगचं काम: स्टीअरिंगच्या मधलं पॅड, डॅशबोर्डमधला एअरबॅग, पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी, यांना बॅटरी काढलेली असली तरी हात लावायचा नाही. ते मल्टिमीटरने तपासायचंही नाही. मीटरचा छोटासा करंटसुद्धा एअरबॅग उडवू शकतो.

फुगलेली, फुटलेली किंवा गळकी बॅटरी: डब्याचं पोट बाहेर आलंय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय किंवा हात लावला तर चटका बसतोय, तर गाडी मोकळ्या जागेत तशीच राहू द्या आणि बॅटरीवाल्याला बोलवा.

सीएनजी किंवा एलपीजी गाडी: आधी गॅसचा वास येतोय का बघा. येत असेल तर कुठलाही स्विच किंवा टर्मिनल हलवू नका.

तयारी: काय काय लागेल?

• १० नंबरचा रिंग पाना किंवा गोटी पाना (बहुतेक कारच्या टर्मिनलला हाच लागतो, काहींना ८, १२ किंवा १३)
• रबरी किंवा जाड हातमोजे
• चष्मा, निदान साधा गॉगल तरी
• दोन कोरडी सुती कापडं
• खाण्याचा सोडा, पाणी आणि जुना टूथब्रश
• भरपूर स्वच्छ पाणी, हाताशी

लांब दांड्याच्या पान्याला दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या. फक्त नट पकडणारं तोंड उघडं राहू द्या. दहा रुपयांच्या टेपने शॉर्टचा धोका बराच कमी होतो.

मोबाईलचा उपयोग

• आपल्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या वेबसाइटवरून आधीच डाउनलोड करून ठेवा. शेतात किंवा जंगलाच्या रस्त्यावर रेंज मिळेल याची खात्री नसते.
• काहीही खोलण्याआधी बॅटरीचे वरून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो काढा. कोणती केबल कुठून वळते, कोणती जास्तीची वायर प्लसवर बसवली आहे, हे नंतर आठवत नाही.
• अंधार असेल तर मोबाईलची टॉर्च लावा. काडीपेटी किंवा लायटर बॅटरीजवळ कधीच नाही.
• पण मोबाईल बॅटरीवर ठेवू नका. मेटल फ्रेमचा फोन किंवा मागच्या कव्हरला लावलेली लोखंडी रिंग दोन टर्मिनलमध्ये पडली तर पान्यासारखंच काम करते. फोन दुसऱ्याच्या हातात द्या.
• ज्या गाडीच्या स्टीरिओला सिक्युरिटी कोड लागतो, तो कोड आधी शोधून लिहून ठेवा.

बॅटरी काढायची पद्धत, पायरीपायरीने

पायरी १. गाडी सपाट, मोकळ्या आणि सावलीच्या जागी उभी करा. बंद गॅरेजमध्ये असाल तर शटर पूर्ण वर. हँडब्रेक ओढा. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक पी वर. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत बॅटरी काढल्यावर लिव्हर पी मधून हलत नाही आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही. त्यामुळे जिथे दोन तास गाडी उभी राहिली तरी चालेल अशीच जागा निवडा.

पायरी २. इंजिन थंड होऊ द्या, अर्धा तास तरी. बोनट उघडून ठेवा म्हणजे गॅस साचला असेल तर उडून जाईल.

पायरी ३. हेडलाइट, एसी, स्टीरिओ, केबिन लाइट बंद. डॅशकॅम आणि मोबाईल चार्जर काढून घ्या. पाऊस असेल तर काचा आधीच वर करा, नंतर होणार नाहीत. चावी खिशात घ्या. पुश-बटनची गाडी असेल तर रिमोटच्या आतली छोटी लोखंडी चावी बाहेर काढून ठेवा, कारण बॅटरी नसताना दार त्याच चावीने उघडेल. काही गाड्यांची बॅटरी डिक्कीत असते. तिथे काम संपेपर्यंत डिक्की बंद होऊ देऊ नका.

पायरी ४. पाच मिनिटं थांबा. नव्या गाड्यांत चावी काढल्यावरही काही कंट्रोल युनिट थोडा वेळ जागे असतात. त्यांना झोपू द्या.

पायरी ५. प्लस आणि मायनस ओळखा. फक्त केबलच्या रंगावर विश्वास ठेवू नका. कुणीतरी मधल्या काळात काळी केबल प्लसला लावलेली असू शकते. बॅटरीच्या डब्यावर टर्मिनलजवळ + आणि − कोरलेलं असतं, ते बघा. कोरलेलं दिसत नसेल तर टर्मिनलचा खुंट बघा, प्लसचा खुंट मायनसपेक्षा थोडा जाड असतो. तरी शंका असेल तर मल्टिमीटर लावा.

पायरी ६. मायनसच्या क्लॅम्पचा नट डावीकडे फिरवून सैल करा. पूर्ण काढायची गरज नाही. क्लॅम्प हाताने हलकेच हलवत सरळ वर उचला. अडला तर पेचकस घालून खटकन वर उचकटू नका आणि हातोडी तर मुळीच नको. खुंट शिशाचा असतो, मऊ असतो, आतून तुटला की बॅटरी गेली. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर एक छोटा प्लास्टिकचा सेन्सर असतो. त्याला धरून ओढू नका.

पायरी ७. मायनस केबल कोरड्या कापडात गुंडाळा आणि बाजूला अशी ठेवा की ती उसळून परत खुंटावर येणार नाही. मायनसला दोन-तीन केबल असतील तर सगळ्या काढा. गाडीत दोन बॅटरी असतील तर दोन्हींच्या मायनस.

पायरी ८. बहुतेक इलेक्ट्रिकल कामांना इथपर्यंतच पुरतं. प्लस काढायची ती बॅटरी बाहेर घ्यायची असेल किंवा प्लसवरच काम असेल तरच. प्लसची लाल टोपी उचला, नट सैल करा, क्लॅम्प काढा, त्यालाही वेगळं कापड गुंडाळा.

पायरी ९. बॅटरी बाहेर काढायची असेल तर आधी तिला धरून ठेवणारी पट्टी किंवा तळाचा क्लॅम्प खोला. वजन साधारण १० ते २० किलो असतं. कमरेत वाकून नाही, गुडघ्यात वाकून उचला. तिरपी करू नका.

पायरी १०. एअरबॅग असलेल्या गाडीत आता १० मिनिटं थांबा. एअरबॅगच्या युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तो थोडी वीज साठवून ठेवतो. ती उतरायला वेळ लागतो. कंपनीनुसार हा वेळ वेगळा असतो, मॅन्युअलमध्ये जास्त सांगितला असेल तर तेवढा थांबा.

करंट खरंच बंद झाला का?

केबल काढली म्हणजे झालं, असं धरून चालू नका. केबिन लाइट लावून बघा, लागायला नको. हॉर्न दाबून बघा. त्यानंतर ज्या वायरवर काम करायचं आहे ती वायर आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. शून्य दिसलं की काम सुरू करा.

शून्य येत नसेल तर गाडीत कुठेतरी दुसरी वीज आहे. कुणीतरी मागच्या सीटखाली ॲम्प्लिफायरसाठी वेगळी बॅटरी बसवलेली असते. जीपीएस ट्रॅकर आणि काही अलार्मना स्वतःची छोटी बॅटरी असते. ऑनलाइन मिळणारा "मेमरी सेव्हर" लावला असेल तर गाडीच्या वायरिंगमध्ये करंट चालूच राहतो. घड्याळाची सेटिंग वाचावी म्हणून तो बॅटरी बदलताना वापरतात, वायरिंगच्या कामात वापरू नका.

परत कशी जोडायची?

१. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर जमली असेल तर आधी साफ करा. एक ग्लास गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि टूथब्रशने घासा. फेस येईल, म्हणजे ॲसिड मरतंय. बॅटरीच्या झाकणांतून हे पाणी आत जाऊ देऊ नका. नंतर साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा.
२. ज्या वायरवर काम केलं त्या सर्किटचा फ्यूज काढून ठेवा.
३. बॅटरी जागेवर बसवा, पट्टी घट्ट करा. खड्ड्याच्या रस्त्यावर हलणारी बॅटरी लवकर खराब होते.
४. आधी प्लस. क्लॅम्प खुंटाच्या तळापर्यंत बसवा आणि नट आवळा. हाताने फिरवून क्लॅम्प फिरला नाही की पुरे, त्यापुढे जोर लावू नका. लाल टोपी बसवा.
५. मग मायनस. टेकवताना बारीकशी ठिणगी दिसली तर घाबरू नका, गाडीतले कपॅसिटर चार्ज होताना असं होतं. पण मोठी ठिणगी आली, चर्रर्र आवाज आला किंवा वायर तापली, तर केबल लगेच उचला. कुठेतरी काही चालू राहिलंय किंवा शॉर्ट आहे.
६. दोन्ही टर्मिनलना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. पावडर लवकर जमत नाही.
७. सगळं ठीक वाटलं की काढून ठेवलेला फ्यूज बसवा आणि मग स्विच लावा.

फ्यूज उडाला तर त्याच नंबरचा बसवा. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० ॲम्पिअर. १० च्या जागी ३० टाकला किंवा तांब्याची तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. गाड्यांना आग लागण्याचं हे एक मोठं कारण आहे.

जोडल्यानंतर गाडी वेगळी का वागते?

घड्याळ शून्यावर येतं, रेडिओची स्टेशनं जातात, पॉवर विंडो एका टचमध्ये वर जात नाही, इंजिन पहिली काही मिनिटं कमी-जास्त फिरतं. यात बिघाड काहीच नाही. गाडी शिकलेल्या गोष्टी विसरली आहे, इतकंच. एसी बंद ठेवून इंजिन दहा मिनिटं चालू द्या. काच पूर्ण वर नेऊन बटन काही सेकंद धरून ठेवलं की बऱ्याच गाड्यांत विंडो पूर्ववत होते. एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा मात्र विझला नाही, तर गाडी स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे दाखवा.

आपल्या भागासाठी खास

उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरी पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बोनटखाली तर त्याहून जास्त. उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेट लवकर झिजतात. झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. ॲसिड टाकायचं नाही, हँडपंपाचं पाणी तर नाहीच. दुपारी बॅटरीचं काम काढू नका, सकाळी करा.

उंदीर. धान कापणीनंतर पुंजण्याजवळ, राइस मिलच्या आवारात किंवा घरच्या कोठीशेजारी गाडी उभी असली की उंदीर बोनटमध्ये शिरतात. कुरतडलेल्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि बघताना हात लागला की शॉर्ट होतो. सकाळी गाडी सुरू झाली नाही आणि बोनटमध्ये वायरीचे तुकडे दिसले, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका. आधी मायनस काढा, मग शोधा.

पावसाळा. गाडी पाण्यातून गेली किंवा पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर सुरू करून बघू नका. पाणी ओसरल्यावर, कोरड्या पायांनी आणि कोरड्या हातांनी, मायनस काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

जंगलाचा रस्ता. सावली, मूल, सिंदेवाही हा वाघाचा वावर असलेला भाग आहे, हे वेगळं सांगायला नको. अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्यात गाडी बंद पडली तर बोनट उघडून वाकून बसू नका. काचा वर करा, पार्किंग लाइट लावा, घरी किंवा ओळखीच्या माणसाला लोकेशन पाठवा आणि गाडीतच थांबा. बॅटरीचं काम उजेडात आणि वस्तीत.

ट्रॅक्टर, बाईक आणि ट्रक

ट्रॅक्टरची बॅटरीही बहुतेक १२ व्होल्टचीच, पण मोठी असते. क्रम तोच: आधी मायनस. ट्रॅक्टरवर किंवा ट्रॉली जोडलेली असताना वेल्डिंग करणार असाल तर मायनस काढल्याशिवाय सुरुवात नको. बाईकला एअरबॅगची वाट बघावी लागत नाही, बाकी सगळं सारखं. ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटरी एकमागोमाग जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे कारच्या सवयीने काम करू नका, आधी बॉडीला जाणारी मायनस शोधा.

ॲसिड उडालं किंवा भाजलं तर

डोळ्यात ॲसिड गेलं तर लगेच, तिथल्या तिथे, स्वच्छ पाण्याची धार सोडा. किमान १५ ते २० मिनिटं, पापणी बोटांनी उघडी धरून. चोळू नका. डोळ्यात सोडा, दूध, तूप काहीही घालू नका. त्यानंतर थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

अंगावर उडालं तर कपडे काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. पाना तापून हात भाजला तर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. भाजलेल्या बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा.

बॅटरीजवळ आग दिसली तर बोनट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. सगळे जण लांब व्हा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा.

जुनी बॅटरी कुठे टाकायची?

घरामागे ठेवू नका, भंगारवाल्यासमोर फोडू नका आणि ॲसिड नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. आपल्याकडे धानाची शेती, बोड्या आणि मामा तलाव एकमेकांना लागून आहेत. बॅटरीतलं शिसं मातीत गेलं की तिथेच राहतं, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी गोळा करून त्यांचं रिसायकलिंग करून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. नवीन बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून बहुतेक जण कमी करून देतात, ते विचारून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढलं तर अल्टरनेटर तपासता येतो, असं मिस्त्री सांगतात. खरं आहे का?
जुन्या, साध्या गाड्यांत असं करायचे. आजच्या गाडीत करू नका. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं आणि ईसीएम, स्टीरिओ जळू शकतात. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतः कमी-जास्त करतात, तिथे आकडा थोडा वेगळा दिसू शकतो.

बॅटरी चांगली आहे हे कसं ओळखायचं?
गाडी काही तास बंद असताना मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर लगेच चार्ज करा.

फक्त प्लस काढली तर चालेल का?
सर्किट तुटेल, पण काढताना पाना बॉडीला लागण्याचा धोका पूर्ण राहतो. म्हणून नाही.

सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर बॅटरी उतरते का?
आताच्या बॅटरीचा डबा प्लास्टिकचा असतो, फरशीमुळे काही होत नाही. नुसती पडून राहिली तर मात्र हळूहळू उतरते, फरशी असो की लाकडी फळी.

गाडी महिनाभर उभी राहणार आहे, मायनस काढून ठेवू का?
हो, चालतं. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म थोडा करंट घेतात आणि जुनी बॅटरी महिनाभरात उतरू शकते. फक्त मायनस काढलेली असताना अलार्म आणि सेंट्रल लॉक चालणार नाही, हे लक्षात ठेवा.

गाडी वॉरंटीत आहे, घरी काम केलं तर?
बॅटरी काढणं-जोडणं ही साधी गोष्ट आहे, पण मूळ वायरिंग कापून जोड दिला तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटीतल्या गाडीला ज्यादा हॉर्न किंवा लाइट लावायचे असतील तर तयार कपलर असलेलं वायरिंग किट घ्या आणि वॉरंटीच्या अटी आधी वाचा.

ही माहिती स्क्रीनशॉट काढून ठेवा किंवा गावातल्या ग्रुपवर पाठवा. निदान ज्या मित्राच्या हातात कडं आणि पाना एकाच वेळी दिसतात, त्याला तरी नक्की पाठवा.